परसातला आंबा वाळतोय? फवारणीआधी बुंध्याशी बसा

"आंब्याची एक फांदी वाळली आहे, काय फवारू?" दसऱ्याच्या सुमारास हा प्रश्न यायला लागतो आणि मोहोर गळेपर्यंत येत राहतो. सोबत एका पानाचा फोटो असतो. त्या फोटोवरून सांगण्यासारखं फार थोडं असतं. घराजवळच्या आंब्याचं दुखणं बहुतेक वेळा गुडघ्याच्या खाली असतं, म्हणजे बुंध्यात, मुळांत किंवा मातीत. शिवाय ते आजचं नसतं. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणीतरी अंगणात काहीतरी काम काढलेलं असतं, त्याचा हिशेब झाड आता देत असतं.

माझी कोकणात रोपवाटिका आहे. विकलेल्या कलमांची गाऱ्हाणी ऐकणं ओघानं आलंच, आणि घाटावरच्या सोयऱ्यांच्या बंगल्यांतली झाडंही बघायला जावं लागतं. खाली लिहिलेला क्रम त्यातूनच बसत गेला. तो घरामागे सावलीला उभ्या असलेल्या मोठ्या झाडासाठी आहे, मग ते कलम असो की रायवळ. हापूसच्या बागेचं उत्पन्न, मोहोराची फवारणी हा विषय वेगळा, त्यात इथे शिरत नाही.

आधी लक्षणं

यातलं काय दिसतंय ते कागदावर लिहा. एकापेक्षा जास्त असेल तर सगळं लिहा.

झाडाखाली उभं राहून वर पाहिलं तर पूर्वीपेक्षा जास्त आभाळ दिसतं. नवी पालवी येते, पण पानं लहान आणि काड्या आखूड.

एकच फांदी वाळते. पानं तपकिरी होतात पण गळत नाहीत, तशीच लोंबत राहतात.

शेंडे वाळतात आणि वाळणं हळूहळू खाली सरकत येतं.

बुंध्याशी किंवा फांद्यांच्या बेचक्यात ओला, चोथ्यासारखा भुसा पडलेला दिसतो. किंवा सालीतून काळपट रस, डिंक झिरपतो.

पानं पिवळी पडतात. जुनी की नवी, हे आवर्जून लिहा.

पानांच्या टोकांना आणि कडांना भाजल्यासारखी किनार येते.

पानांवर काजळी धरते.

झाड अवेळी, कधी नव्हे इतकं मोहोरतं. लोक याला शुभ मानतात. पालवी रोडावलेल्या झाडावर असा मोहोर आला तर मी आधी बुंधा तपासतो, कारण ताणाखालचं झाडही कधीकधी असंच फुलतं.

आता घाबरू नये अशा गोष्टी. तांबूस, मऊ, खाली लोंबणारी पानं म्हणजे नवी पालवी. शहरात वाढलेली माणसं तिला रोग समजून फोन करतात. पालवीच्या आगेमागे जुनी पानं गळणं नेहमीचं. सालीवरचे करडे-हिरवट दगडफुलाचे चट्टे निरुपद्रवी आहेत, ते खरवडत बसू नका. पानांवरच्या पुटकुळ्या मिजमाशीच्या असतात. दिसायला वाईट, पण मोठं झाड त्यांनी मरत नाही. काजळीही तशीच. तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, त्यावर ती काळी बुरशी वाढते. तिचं मूळ त्या किडीत आहे. पहिल्या चांगल्या पावसात ती बरीचशी धुऊन जाते.

पहिली तपासणी: लांबून एक फेरी

खर्च शून्य. सकाळच्या उजेडात झाडाला लांबून एक फेरी मारा आणि एकच गोष्ट ठरवा: बिघाड सगळ्या झाडावर आहे, एका बाजूला आहे, की एकाच फांदीत आहे?

पुढचा सगळा तपास या उत्तरावर चालतो. एकच फांदी वाळली असेल तर कारण बहुधा त्या फांदीतच असतं: अळी, मोडलेलं लाकूड, आवळलेली तार, बांडगूळ. एक बाजू वाळली असेल तर त्या बाजूच्या मुळांकडे बघायचं, कारण एका अंगाच्या फांद्या बऱ्याच अंशी त्याच अंगाच्या मुळांवर जगतात. सगळं झाड एकदम उतरत असेल तर माती, पाणी किंवा बुंध्याला सगळीकडून झालेली इजा.

त्याच फेरीत शेजारची झाडंही बघून घ्या. आंब्याबरोबर लिंबू आणि जास्वंदही पिवळी पडली असेल, तर आंब्याची कीड शोधण्यात अर्थ नाही. तिन्ही झाडांना एकच रोग होण्यापेक्षा तिन्ही एकाच खराब पाण्यावर उभी असण्याची शक्यता जास्त.

दुसरी: नखाने साल खरवडा

पान नसलेली फांदी मेलेलीच असते असं नाही. शेंड्याकडची काडी घ्या आणि नखाने किंवा चाकूच्या टोकाने वरची साल किंचित खरवडा. खाली हिरवं आणि ओलसर लागलं तर काडी जिवंत आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर वीतभर मागे या, पुन्हा खरवडा. हिरवं जिथे सुरू होईल तिथे रंगीत दोरा बांधा आणि तारीख लिहून ठेवा.

पंधरा दिवसांनी दोऱ्याच्या मागेही वाळलेलं निघालं, तर दुखणं सरकत आहे. दोरा आहे तिथेच सीमा राहिली असेल, तर झाडाने ते स्वतःच अडवलं आहे आणि तुम्हाला घाई नाही. हे कळण्याआधी करवत काढू नका. एकदा कापलं की दुखणं कुठपर्यंत गेलं होतं ते समजत नाही.

चीक अंगावर उततो, तेव्हा हातमोजे घाला.

तिसरी: घरच्यांना विचारा

याला खर्च फक्त चहाचा. माझं संभाषण जवळपास दर वेळी असं होतं:

"काका, झाडाजवळ एवढ्यात काही काम काढलं होतंत?"

"छे. काही केलं नाही हो."

"ही फरशी?"

"ती होय! ती झाली की दोन-अडीच वर्षं, गणपतीच्या आधी घातली. पण तेव्हा झाड हिरवंगार होतं."

तेव्हा ते हिरवंगारच असणार. मोठ्या आंब्याच्या खोडात आणि जाड मुळांत साठवण असते, तिच्यावर ते वर्ष-दोन वर्षं काढतं. मुळं तोडल्याचा परिणाम शेंड्यावर दिसेपर्यंत गवंडी विसरलेला असतो. म्हणून मागच्या तीन-चार वर्षांतलं सगळं आठवा: शोषखड्डा, बोअर, पाण्याची लाइन, कुंपणाचा पाया, गडगा काढून बांधलेली भिंत, अंगण उंच करायला टाकलेली माती, शेजाऱ्याने त्याच्या हद्दीत केलेलं खोदकाम. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. झाडापासून पंधरा फुटांवर खणलेला चरसुद्धा त्यामुळे झाडाचाच असतो.

वाळलेली बाजू आणि कामाची बाजू जुळली, तर कारण सापडलं. तुटलेलं मूळ जोडता येत नाही. उरलेल्या मुळांना मोकळी जागा, उन्हाळ्यात पाणी आणि पाचोळ्याचं आच्छादन देता येतं, आणि झाडाला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात.

चौथी: बुंधा उघडा करा

एक खुरपं पुरतं. घराजवळच्या झाडांत मला सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतो.

आंब्याचा बुंधा जमिनीशी पसरट झालेला दिसला पाहिजे, मुळांचे उंचवटे चारी बाजूंना पसरताना दिसले पाहिजेत. तो खांबासारखा सरळ जमिनीत घुसला असेल, तर कुणीतरी भोवती माती चढवली आहे. कधी ती अंगण सपाट करताना येते, कधी "झाडाला भर" म्हणून, कधी हौसेनं बांधलेल्या पारात. पार बांधून आत फूटभर माती भरायची आणि तिच्यात तुळस, सदाफुली लावून रोज पाणी घालायचं, यासारखा आंब्याला मारायचा सोपा उपाय नाही. खोडाची साल कोरडी राहण्यासाठी असते. मातीखाली ती सतत ओली राहिली की कुजते, आणि सालीच्या आतल्या ज्या पदरातून पानांचं अन्न मुळांकडे जातं तो पदर तिथेच तुटतो. उपाशी मुळं मरतात, मग शेंडे वाळतात. लोक शेंड्यावर फवारतात.

खुरप्याने हळूहळू माती ओढून काढा, मुळांचे उंचवटे दिसेपर्यंत. साल दाबून बघा. टणक असेल तर ठीक. मऊ, काळी, आंबूस वासाची असेल तर तेवढी कुजकी साल धारदार चाकूने निरोगी कडेपर्यंत काढा आणि जागा उघडी ठेवा. वाऱ्याने ती सुकू द्या, मग बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा. कृती पुढे देतो. कुजलेला पट्टा बुंध्याच्या निम्म्याहून जास्त घेरात फिरला असेल तर थांबा आणि शेवटचा भाग वाचा.

एक सावधगिरी: माती काढून तिथे खड्डा तयार झाला आणि पावसात त्यात पाणी साठलं, तर केलेलं सगळं उलटं पडतं. उताराच्या बाजूला पाण्याला वाट काढून द्या.

फरशी, पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट खोडाला भिडलं असेल तर ते मागे घ्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. घरच्या आंब्याला निदान तेवढी जागा द्याच, जमलं तर जास्त. पहारीचे घाव घालू नका. ब्लॉक एकेक उचलून काढा, खाली मुळं आलेली असतात.

बुंध्याशी बसलाच आहात तर वरही नजर टाका. कपडे वाळत घालायची तार, झोपाळ्याची साखळी, कुत्र्याची दोरी, दिवाळीतली माळ बांधून राहिलेली बाइंडिंग वायर. फांदी जाड होते, तार तेवढीच राहते. ती सालीत रुतून बसली असेल तर पुढची फांदी का वाळली हे शोधायला मला बोलावू नका, पक्कड आणा. तार लाकडात पूर्ण गाडली गेली असेल तर ओढून साल सोलू नका. दिसेल तेवढी दोन-चार ठिकाणी तोडा आणि बाकीची राहू द्या.

पाचवी: पाण्याचा खड्डा

पाणी कमी पडलेलं आणि जास्त झालेलं झाड वरून सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे मुळं काम करत नाहीत. म्हणून अंदाज न करता खणून बघायचं. खोड आणि फांद्यांची कड यांच्या मधोमध एक हातभर खोल खड्डा घ्या. जाड मूळ लागलं तर जागा बदला. खालची माती हातात घ्या आणि हुंगा. चांगल्या मातीला मातीचाच वास येतो. करडी-निळसर, चिकट आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारणारी असेल, तर मुळं गुदमरत आहेत. मग खड्डा पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर निचरा नाही.

आमच्या कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत हे कमी दिसतं. तिथे उलटं होतं: पावसाळा संपला की पाणी झिरपून जातं आणि मार्च ते मे झाड तहानलेलं राहतं. घाटावरच्या काळ्या जमिनीत, त्यातही हिरवळीच्या मध्ये लावलेल्या आंब्यांत मात्र पाण्यानेच घात होतो. हिरवळीला रोज पाणी लागतं, तीस वर्षांच्या आंब्याला लागत नाही. दोघांना एका फवाऱ्यावर ठेवलं की एकजण जातो.

पाणी द्यायचंच तर फांद्यांच्या कडेखाली आळं करून द्या. बुंध्याशी ओतलेलं पाणी प्यायला तिथे बारीक मुळं फारशी नसतात, आणि साल मात्र भिजते.

पानांच्या कडा भाजलेल्या दिसत असतील तर पाणी कुठून येतं ते शोधा. वॉशिंग मशीनचं पाणी, पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी, खारट बोअरचं पाणी; या सगळ्यातले क्षार मातीत साठत जातात. एका पावसाळ्यात ते थोडे धुपतात, उन्हाळ्यात परत चढतात. पाइपचं तोंड दुसरीकडे वळवणं हा उपाय पाचशे रुपयांच्या खतापेक्षा बरा.

सहावी: खोडावरचा भुसा

पहिल्या पाच तपासण्यांत काही सापडलं नसेल, किंवा सुरुवातीलाच भुसा दिसला असेल, तर भिरूड. खोडकिडा म्हणा, नाव काहीही असो, एका फांदीच्या अचानक वाळण्यामागे हाच असण्याची शक्यता मोठी.

भिरूड म्हणजे जवळपास दोन इंचांचा राखी-तपकिरी भुंगा. छातीवर दोन नारिंगी ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब. पावसाच्या सुरुवातीला तो बाहेर पडतो, रात्री हिंडतो, अंगणातल्या दिव्यावरही येतो. मादी सालीच्या भेगेत किंवा जुन्या जखमेत अंडी घालते. अळी आधी सालीखाली खाते, मग लाकडात शिरते आणि आत महिनोन् महिने पोखरत राहते. पूर्ण वाढलेली अळी मळकट पांढरी, काळपट डोक्याची, बोटभर जाड असते. तिने फांदीभोवती सालीखाली फेरा पूर्ण केला की पुढचं सगळं वाळतं. फणस, उंबर, सावर यांवरही ती असते, त्यामुळे शेजारची ती झाडंही बघा.

सगळी भोकं भिरुडाची नसतात, आणि हा फरक करण्यात पैसे वाचतात. बेचक्यात सालीवर चोथा आणि रेशीम यांची वेडीवाकडी पट्टी दिसली तर ती साल खाणारी अळी. पट्टी ब्रशने झाडा, तिच्या टोकाशी असलेल्या आखूड भोकात तार घाला, काम झालं. टाचणीच्या डोक्याएवढी पुष्कळ भोकं आणि त्यांतून डिंक असेल, तर ते बारीक भुंगेरे आहेत. ते आधीच खंगलेल्या झाडावर येतात, म्हणून पुन्हा बुंधा आणि पाणी तपासा. मातीची नळी वर चढत असेल तर वाळवी. नळी खरवडून खालची साल बघा. बहुतेक वेळा वाळवी वरची मेलेली सालच खात असते आणि खाली सगळं ठीक असतं.

भिरुडाचं काम असं करायचं. भुसा पडला असेल त्याच्या बरोबर वर बघा, भोक तिथेच किंवा हातभर वर असतं. भोवतीची सैल, मेलेली साल पटाशीने काढा, जिवंत साल शक्य तितकी राखा. सायकलची आरी घ्या, टोकाला बारीक आकडा करा आणि भोकात फिरवत आत सारा. बोगदा सहसा वळतो, म्हणून जबरदस्ती न करता वाट शोधत जायचं. आरीला पांढरट ओलावा लागला किंवा अळीच बाहेर आली तर ती मेली. भुसा सगळा उकरून काढा आणि भोक ओल्या चिखलाने लिंपून टाका.

मग भोकाभोवती चुन्याने गोल करा आणि खालची जमीन झाडून स्वच्छ ठेवा. हे झाडणं कुणी करत नाही, आणि म्हणूनच अळी मेली की नाही हे कुणाला कळत नाही. आठवड्याने चिखल फोडून ताजा भुसा बाहेर आला असेल तर ती जिवंत आहे किंवा आत दुसरी आहे. पुन्हा आरी.

आरी पोचत नसेल तर औषधाचा प्रश्न येतो. जुन्या पुस्तिकांत आणि म्हाताऱ्या बागायतदारांच्या तोंडी डायक्लोरव्हॉसचा बोळा असतो. त्या औषधाच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कपाटात उरलेली बाटली असली तरी वापरू नका. धान्यात ठेवायची अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी भोकात घालायचा सल्लाही गावोगाव ऐकू येतो. ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो आणि परसातलं झाड घराच्या खिडकीला लागून असतं. तिला हात लावायचा नाही. सध्या कुठलं औषध चालतं ते कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा आणि फळं झाडावर असताना घालायचं की नाही हेही तिथेच विचारा.

आता बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, हे मूळ प्रमाण. एका झाडाला शंभर-शंभर ग्रॅम आणि एक लिटर पाणी पुष्कळ झालं. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना उरलेल्या अर्ध्यात वेगवेगळा विरघळवा, प्लास्टिकच्या भांड्यांत. लोखंडी बादली नको. निवलं की दोन्ही एकत्र करा आणि स्वच्छ खिळा त्यात थोडा वेळ बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत कुंचल्याने लावा. ती बुरशीला रोखते. आतल्या अळीला तिने काही होत नाही, म्हणून पेस्ट लावली म्हणजे भिरूड गेला असं समजू नका. गेरू-चुन्याच्या पट्ट्यांचंही तेच: दिसतात छान, पण भोकं बुजवून टाकतात आणि तपासणाऱ्याला काही दिसत नाही.

सातवी: कापाकापी

दोरा मागे सरकत असेल तर शेंड्याकडून येणारी बुरशी धरून चला आणि वाळलेला भाग, पुढचा तीन-चार इंच जिवंत भाग घेऊन, कोरड्या दिवशी कापा. प्रत्येक कापानंतर करवत पुसा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा. डांबर नको, सिमेंट तर मुळीच नको. पोकळी सिमेंटने भरली की ओल आत कोंडते आणि कुजणं चालू राहतं, फक्त दिसायचं थांबतं.

बांडगूळ असेल तर त्याची पानं ओरबाडून उपयोग नाही, ते पुन्हा फुटतं. ज्या फांदीत ते रुजलं आहे ती फांदी रुजल्या जागेच्या फूटभर मागून कापावी लागते. फळं धरायच्या आत हे करा. फुलटोचा नावाचा चिमुकला पक्षी ती चिकट फळं खातो आणि बी पुढच्या फांदीवर पुसतो. जाड मुख्य फांदीवर रुजलं असेल तर ती तोडण्यापेक्षा दर वर्षी बांडगूळ छाटत राहणं परवडतं.

हे सगळं जमिनीवर उभं राहून, हाताला लागेल तेवढंच. शिडी आणि करवत एकत्र आली की ते काम तुमचं नाही.

आठवी: माती परीक्षण

जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी असू शकतं, किंवा पान म्हातारं झालेलं असतं. नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत, किंवा बांधकामाचा राडारोडा जिथे पुरला आहे तिथे, लोह असूनही मुळांना घेता येत नाही. असं चित्र दिसलं तरच परीक्षण करा: झाडाच्या घेरातून चार-पाच ठिकाणची फूटभर खोलीपर्यंतची माती मिसळून त्यातली अर्धा किलो कृषी विज्ञान केंद्रात किंवा जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत द्या. सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्कधर्मी), क्षार आणि चुनखडी हे तीन आकडे विचारा.

तोपर्यंत खत नको. मुळं कुजलेल्या झाडाला युरिया टाकणं म्हणजे उरलेल्या मुळांवरही मीठ टाकणं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बुंध्याशी किंवा उघड्या मुळांवर लाकडासारखी टणक, अर्धगोल बुरशीची छत्री उगवली आहे. ती दिसते तेव्हा आतलं लाकूड बरंच कुजलेलं असतं. छत्री तोडून काही होत नाही.

लाकडी हातोडीने ठोकल्यावर बुंधा एका मोठ्या पट्ट्यात पोकळ वाजतो.

झाड हल्लीच कललं आहे, किंवा कललेल्याच्या उलट बाजूची जमीन उचलली, भेगाळली आहे. पावसाळ्यात हे दिसलं तर त्या बाजूची गाडी, झोपाळा आणि मुलं त्याच दिवशी हलवा.

दोन मोठ्या फांद्यांच्या बेचक्यात उभी चीर पडली आहे. वाळलेली जाड फांदी कौलांवर किंवा वाटेवर आहे. फांदी विजेच्या तारेला टेकते आहे; इथे वीज कंपनीला कळवायचं, बांबूने ढकलायचं नाही.

सगळं झाड आठ-पंधरा दिवसांत पानांसकट सुकलं, किंवा बुंध्याभोवती सगळीकडून भुसा येतो आहे.

कुणाला बोलवायचं हे दुखण्यावर ठरतं. रोग-किडीसाठी कृषी विज्ञान केंद्र, कोकणात दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ. पडायची भीती असेल तर झाडांची तपासणी करणारा वृक्षतज्ज्ञ. औषधवाल्याला विचारलंत तर तो फवारणी सांगेल आणि लाकूडवाल्याला विचारलंत तर तोडायला सांगेल. दोघांचाही धंदा तोच आहे, तेव्हा निदान त्यांच्याकडून करून घेऊ नका.

तोडायचीच वेळ आली तर आधी परवानगी. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे आणि झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष धरली जातात, त्यांचे नियम आणखी कडक. शहराबाहेर वृक्षतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा येतो.

तज्ज्ञाला फोन करण्याआधी चार फोटो काढून ठेवा: लांबून सगळं झाड, माती काढलेला बुंधा, भुसा किंवा जखम जवळून शेजारी नाणं ठेवून, आणि दोरा बांधलेली फांदी तारखेसह. पानाचा फोटो पाचवा, तोही मागितला तरच.